अॅस्कॉट पार्क: ट्रॅक गेला, ९८ नंबर चालूच आहे

हार्बर फ्रीवे, सॅन डिएगो फ्रीवे आणि ९१ नंबरचा फ्रीवे जिथे एकमेकांवर आदळतात तिथे या, अशी जाहिरात लॉस एंजेलिसच्या रेडिओवर लागायची आणि तिथल्या एका अख्ख्या पिढीला ती अजून तोंडपाठ आहे. पत्ता सांगायची गरजच नव्हती. हे तीन फ्रीवे अजूनही तसेच आहेत, रोज संध्याकाळी तसेच तुंबतात, फक्त त्यांच्या मधोमध जो मातीचा ट्रॅक होता, अॅस्कॉट पार्क, तो १९९० साली बंद पडला. मला लहानपणापासून रेसिंगचं वेड, त्यातही मातीवरच्या रेसिंगचं जास्त, त्यामुळे अमेरिकेला मावसभावाकडे जायचं ठरलं तेव्हाच मी त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं की बाकी तू दाखवशील ते बघेन पण गार्डिनाला, म्हणजे जिथे तो ट्रॅक होता तिथे, मला एकदा घेऊन जायचं.

दादा टॉरन्सला राहतो म्हणजे तिथून अगदी जवळ. तो म्हणाला, "अगं तिथे आता यार्ड आहे, ठोकलेल्या गाड्यांचा लिलाव होतो, मी रोज ऑफिसला जाताना बघतो." म्हटलं तेच बघायचंय.

व्हर्मोंट अॅव्हेन्यूवर आम्ही सकाळी पोचलो. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गोडाऊन, टायरची दुकानं, कंटेनरवाले ट्रक. यार्डाच्या कुंपणाआत रांगाच रांगा गाड्यांच्या, कुणाचं बॉनेट आत गेलेलं, कुणाच्या काचेवर पांढऱ्या मार्करने नंबर लिहिलेला, इन्शुरन्स कंपन्यांनी सोडून दिलेल्या गाड्या सगळ्या. फोर्कलिफ्ट एकेक गाडी उचलून इकडून तिकडे नेत होता. वर आकाशात गुडइयरचं ते मोठं फुगीर एअरशिप, त्याचा तळ इथून जवळच कार्सनला आहे, ते इतकं खाली होतं की त्याच्या इंजिनाचा आवाज येत होता. मी जुन्या फोटोंवरून अंदाज बांधत होते की मेन स्ट्रेट, म्हणजे ट्रॅकचा सरळ भाग, कुठून कुठे असेल, स्टँड कुठल्या बाजूला असतील, पण जमीन इतकी सपाट करून टाकलीय की काहीच पत्ता लागत नाही. ना पाटी, ना दगड, ना कुठे नाव. इतक्या मोठ्या जागेची एवढीशी खूणही ठेवू नये याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

आता ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. अॅस्कॉट पार्क म्हणजे अर्ध्या मैलाचा, साधारण आठशे मीटरचा, अंडाकृती मातीचा ट्रॅक, १९५७ मध्ये सुरू झाला, आणि त्याआधी त्या जागेवर कचऱ्याचं डम्प होतं. नाव त्यांनी जुनं घेतलं, कारण १९२० आणि ३० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये लीजन अॅस्कॉट नावाचा एक ट्रॅक होता जो इतका जीवघेणा होता की डझनावारी ड्रायव्हर तिथे गेले, शेवटी १९३६ मध्ये अॅल गॉर्डन आणि त्याचा मेकॅनिक एकाच अपघातात गेले आणि तो बंदच झाला. गार्डिनाचं अॅस्कॉट सुरुवातीच्या काही वर्षांतच ज्या माणसाच्या हातात आलं त्याचं नाव जे. सी. अगाजानियन, सगळे त्याला अॅगी म्हणायचे.

अगाजानियन कुटुंब आर्मेनियन. धंदा कचरा गोळा करायचा आणि डुकरं पाळायचा, म्हणजे शहरातलं उरलंसुरलं अन्न गोळा करायचं आणि ते डुकरांना घालायचं, आणि त्या धंद्यावर ही मंडळी चांगली श्रीमंत झाली होती. जे. सी.चा जन्म १९१३ चा, सॅन पेड्रोचा. त्याची एक गोष्ट तिकडे सगळ्यांना माहितीय, की पोराने वयात आल्या आल्या रेसची गाडी विकत घेऊन घरी आणली आणि म्हणाला मी ड्रायव्हर होणार, तर वडील म्हणाले ठीक आहे, आईचा निरोप घे, बॅग भर आणि जाताना आडनाव पण बदल. मग पोरगा म्हणाला, मी गाडीचा मालक झालो तर चालेल का? तिथून पुढे आयुष्यभर हा माणूस मालक आणि प्रमोटर. डोक्यावर स्टेटसन हॅट, पायात काउबॉय बूट, आणि गाडीवर नंबर ९८. त्याच्या ९८ नंबरने इंडियानापोलिसची ५०० मैलांची रेस दोनदा जिंकली, १९५२ मध्ये ट्रॉय रटमन, जो तेव्हा फक्त बावीस वर्षांचा होता आणि आजही तिथला सगळ्यात लहान विजेता आहे, आणि १९६३ मध्ये पार्नेली जोन्स.

१९६३ ची रेस मला फार आवडते कारण ती ट्रॅकवर जितकी झाली तितकीच पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागेत, उभं राहून झाली. शेवटच्या टप्प्यात पार्नेलीच्या गाडीची ऑइलची टाकी चिरली आणि ऑइल गळायला लागलं. नियमाने काळा झेंडा दाखवून गाडी आत बोलवायला हवी होती, मागे दुसऱ्या नंबरवर लोटसमध्ये जिम क्लार्क, त्याचा बॉस कॉलिन चॅपमन चीफ स्टुअर्ड, म्हणजे रेसचा मुख्य अधिकारी, हार्लन फेंगलरजवळ जाऊन म्हणतोय बोलवा त्याला आत, आणि दुसऱ्या बाजूने हा हॅटवाला अॅगी त्याच फेंगलरला सांगतोय की ऑइलची लेव्हल आता चिरेच्या खाली गेलीय, गळायचं थांबलंय, बघा तुम्हीच. झेंडा पडला नाही. पार्नेली जिंकला. ते बरोबर होतं की नाही यावर लोक अजून भांडतात (दुसऱ्या दिवशी जेवणाच्या कार्यक्रमात याच विषयावरून पार्नेलीने एडी सॅक्स नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरला ठोसाही लगावला), माझं मत विचाराल तर झेंडा पडायला हवा होता, पण त्या काही मिनिटांत आपली बाजू मांडायचं अॅगीचं कसब वादातीत आहे. वकील तो नव्हता. वकील झाला त्याचा मुलगा, कॅरी.

यार्डापासून थोडं पुढे एक डोनटचं दुकान आहे, तिथे कॉफी प्यायला बसलो तर शेजारच्या टेबलावर सत्तरी ओलांडलेले एक काका होते. दादाने सहज विचारलं की इथला रेसट्रॅक तुम्ही बघितलाय का. मग काय, काका खुर्ची ओढून आमच्याकडेच आले. शुक्रवारी मोटरसायकली, शनिवारी स्प्रिंट कार, म्हणजे मातीवर पळणाऱ्या छोट्या, उघड्या चाकांच्या रेसगाड्या, आणि मधूनच फिगर एट, म्हणजे आठच्या आकड्याचा ट्रॅक, मध्ये चौकात गाड्या एकमेकींसमोरून सुसाट जाणार, कोण कुणाला धडकतंय ते बघायचं. ते पहिल्या वळणाच्या स्टँडमध्ये बसायचे, तिथे ओल्या मातीची ढेकळं अंगावर यायची, बिअरच्या ग्लासावर हात ठेवून प्यायची सवय त्यांना तिथेच लागली. केनी रॉबर्ट्सला पुढे वर्ल्ड चॅम्पियन व्हायच्या आधी त्यांनी इथे मोटरसायकल आडवी घालताना बघितलंय, डीन थॉम्प्सनला बघितलंय, ज्याने सीआरए संघटनेच्या स्प्रिंट कारच्या शंभराहून जास्त मेन इव्हेंट, म्हणजे रात्रीच्या मुख्य रेस, जिंकल्या. मी विचारलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर ते क्षणभरही न थांबता म्हणाले, माती.

आणि मातीचं खरंच मोठं शास्त्र आहे. मी कोल्हापूरची, आखाड्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती कशी मऊ ठेवतात हे बघत मोठी झालेय, त्यामुळे डर्ट ट्रॅकवाले मातीबद्दल बोलायला लागले की मला ते लगेच कळतं. दुपारपासून टँकरने पाणी मारायचं, मग जुन्या गाड्या आणि ट्रक हळूहळू फिरवून माती दाबून घ्यायची, वरचा थर चिकट पाहिजे, बोट लावलं तर बोटाला लागला पाहिजे पण चिखल नको. संध्याकाळी पहिल्या हीटला, म्हणजे मुख्य रेसच्या आधीच्या छोट्या रेसला, टायर अक्षरशः मातीला चिकटतात. मग रात्र चढते तशी माती वाळत जाते, मधली लाइन काळी, गुळगुळीत होते, आणि सुटी माती बाहेरच्या बाजूला भिंतीजवळ जाऊन साठते, तिला कुशन म्हणतात. शेवटच्या रेसला ड्रायव्हरला ठरवावं लागतं, खाली गुळगुळीतावरून सांभाळून जायचं की वर कुशनला मागचं चाक टेकवून जीव मुठीत धरून जायचं. एकाच रात्रीत एकच ट्रॅक तीन वेगळे ट्रॅक होतो. काकांचं म्हणणं असं की अॅस्कॉटइतकी चांगली माती कुणी राखलीच नाही. मी तिथली माती बघितली नाही पण जे बोलत होते त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते पटलं.

जे. सी. १९८४ मध्ये गेले. त्यानंतर ट्रॅक मुलांनी चालवला, कॅरी, जे. सी. ज्युनियर आणि क्रिस. आणि इथे मला कॅरीबद्दल थोडं जास्त लिहायचंय, कारण अॅस्कॉटबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात हॅट, बूट, मोटरसायकलवरून उड्या मारणाऱ्या एव्हिल क्निव्हलच्या उड्या हे सगळं भरपूर येतं आणि वकिलाचं काम कुणी सांगतच नाही. रेसट्रॅक चालवणं म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं तिकीट विकायचं आणि गाड्या पळवायच्या. खरं काम कागदावर असतं. जागेचा करार, इन्शुरन्स, ड्रायव्हर जखमी झाला तर जबाबदारी कुणाची, स्टँडमध्ये चाक उडून आलं तर कुणाची, टीव्हीचे हक्क, संघटनेशी करार, बक्षिसाच्या रकमेची हमी. हे नीट नसेल तर एका अपघातात ट्रॅक कायमचा बंद. कॅरी अगाजानियन प्रमोटर पण आणि वकील पण, त्याने पुढे रेसिंगच्या कायदेशीर कामांमध्ये आणि ड्रायव्हर्सच्या मॅनेजमेंटमध्ये नाव कमावलं, टोनी स्टुअर्टसारख्या ड्रायव्हरचं काम बघितलं. कचऱ्याच्या धंद्यातून आलेल्या घराने दोन पिढ्यांत केवढा पल्ला गाठला.

पण वकील घरात असूनही अॅस्कॉट वाचलं नाही, कारण जमीन त्यांची नव्हती. जागा भाडेपट्ट्यावर, आणि तीन फ्रीवेच्या मधली ती जागा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इतकी महाग झाली होती की तिथे आठवड्यातले दोन-तीन दिवस धुरळा उडवणाऱ्या ट्रॅकपेक्षा ऑफिसं बांधणं मालकाला परवडणार होतं. ते ऑफिसांचं संकुलही पुढे काही झालं नाही, आणि आता तिथे लिलावाचं यार्ड. शेवटची रेस २२ नोव्हेंबर १९९०, थँक्सगिव्हिंगची रात्र, टर्की नाइट ग्रां प्री, जिंकला स्टॅन फॉक्स. काका त्या रात्री होते. रेस संपल्यावर कुणी घरी जायला तयार नव्हतं, एवढंच म्हणाले आणि मग विषय बदलून आम्हाला विचारायला लागले की भारतात अशा रेस होतात का.

ही टर्की नाइट मला महत्त्वाची वाटते. ही अॅस्कॉटहून जुनी, १९३४ मध्ये गिलमोर स्टेडियममध्ये पहिली झाली, बॉब स्वान्सनने जिंकली. गिलमोर पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पाडलं आणि तिथे सीबीएसचा टीव्ही स्टुडिओ उभा राहिला, पण रेस मेली नाही, १९५५ पासून जे. सी.ने ती हातात घेतली, १९६० मध्ये अॅस्कॉटला आणली, तिथली पहिली दोन वर्षं ए. जे. फॉइट जिंकला. अॅस्कॉट बंद झाल्यावरही घरच्यांनी ती सोडली नाही. कधी अर्विंडेलच्या डांबरी ट्रॅकवर, कधी पेरिसच्या मातीवर, आणि आता काही वर्षं व्हेंचुराला. जमिनीचा करार संपतो तसा रेसचा संपत नाही, नाव तुमचं असेल, लोकांशी संबंध नीट ठेवले असतील, तर ती दुसऱ्या ट्रॅकवर नेता येते. माझ्या मते प्रमोटर आणि वकील एकाच घरात असण्याचा खरा फायदा इथे दिसतो, अॅस्कॉटच्या भिंती वाचल्या नाहीत पण जे जे उचलून नेण्यासारखं होतं ते या लोकांनी उचलून नेलं.

त्यात ९८ नंबर पण आला. कॅरीने माइक कर्ब या टीम-मालकाबरोबर भागीदारी केली, कर्ब-अगाजानियन, आणि हे नाव इंडियानापोलिसच्या गाड्यांवर दिसायला लागलं. २०११ मध्ये, त्या रेसला शंभर वर्षं होत होती तेव्हा, शेवटच्या वळणावर पुढचा हिल्डब्रँड भिंतीला लागला आणि डॅन व्हेलडन जिंकला, नंबर ९८. २०१६ मध्ये शंभरावी रेस, नवखा अलेक्झांडर रॉसी इंधनाच्या शेवटच्या थेंबावर गाडी ढकलत आणल्यासारखा जिंकला, नंबर ९८. दोन्ही गाड्या ब्रायन हर्टाच्या टीमच्या, सोबत कर्ब-अगाजानियन. मी २०१६ ची रेस कोल्हापुरात रात्री उशिरापर्यंत जागून बघितली होती आणि शेवटच्या लॅपला घरातले सगळे उठले होते माझ्या ओरडण्याने.

तर गार्डिनानंतर आम्ही थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत व्हेंचुराला गेलो, टर्की नाइट बघायला. टॉरन्सहून शंभर-सव्वाशे किलोमीटर, १०१ नंबरचा फ्रीवे पकडायचा, थाउजंड ओक्सनंतर कोनेहो ग्रेडचा घाट उतरला की खाली एकदम सपाट शेती, स्ट्रॉबेरीची, आणि मग समुद्र. ट्रॅक काउंटीच्या फेअरग्राउंडमध्ये, एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, खारा वारा सरळ स्टँडमध्ये. अॅस्कॉटच्या मानाने इवलासा, मैलाचा एक पंचमांश.

पिट पास घेतला. गेटवर टेबल, टेबलावर लांबच लांब कागद, त्यावर ओळीने सगळ्यांनी नाव आणि सही करायची, ड्रायव्हर असो, मेकॅनिक असो नाहीतर माझ्यासारखी बघी असो. वर बारीक आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं की ही जागा धोक्याची आहे हे मला माहितीय, इजा झाली किंवा जीव गेला तरी मी किंवा माझ्या घरचे दावा लावणार नाही. माझ्या पुढचा माणूस न वाचता सही करून गेला. मी सगळं वाचलं. दादाला म्हटलं हाच तो कागद, याच्यावर या देशातले सगळे छोटे ट्रॅक उभे आहेत, कारण हा नसेल तर इन्शुरन्स मिळत नाही आणि इन्शुरन्स नसेल तर गेट उघडत नाही. सही केली, मनगटाला पट्टा बांधला आणि आत.

आत मिजेट गाड्या. बिनपंखाच्या, चारशे-साडेचारशे किलोच्या, चार सिलिंडरचं इंजिन पण ताकद साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या वर. स्टार्टर नाही, मागून ट्रक येऊन ढकलतो, मग इंजिन खोकतं आणि पेटतं. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा घेराने मोठं, त्यामुळे गाडी आपणहून डावीकडे वळायला बघते, सरळ जायचं म्हटलं तरी ती वळते. इंधन मिथेनॉल, त्याच्या धुराने डोळे चुरचुरतात, पहिल्या काही मिनिटांत माझ्या डोळ्यातून घळाघळा पाणी येत होतं. एक मेकॅनिक बाई गाडीखाली आडवी होऊन लाकडी पट्टीने टायरवरची वाळलेली माती खरवडत होती, एकेक खाच साफ करत, बाजूला पाच मिनिटांत गाडी ग्रिडवर न्यायची घोषणा चालू, तरी हात अजिबात घाईत नाही.

मेन रेस ९८ लॅपची. हो, अठ्ठ्याण्णव, जे. सी.च्या नंबरसाठी. शंभर केली असती तर कुणी विचारलंही नसतं. पहिले वीस लॅप सगळ्या गाड्या खालून, मग खालची माती काळी पडली आणि एकेक जण वर सरकायला लागला, साठनंतर पुढचे दोघे भिंतीपासून वीतभर अंतरावर, दर वळणाला मागचं चाक कुशनवर आपटून गाडी परत खाली फेकली जातेय, आणि स्टँडमधले सगळे उभे. शेजारच्या बाई आपल्या नातवाला सांगत होत्या की माझे बाबा मला अॅस्कॉटला न्यायचे. काइल लार्सनसारखा नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या स्टॉक कार रेसिंग मालिकेचा, चॅम्पियन ही रेस जिंकून गेलाय, आणि त्याच रेसमध्ये स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी बांधणारे, सोमवारी कामावर जाणारे लोकही उतरतात. मी रेसिंगवर प्रेम करते ते याच्यासाठी.

कुणाला जायचं असेल तर थोडी माहिती. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात असते, तारीख आधी बघून घ्या. व्हेंचुराचं अॅमट्रॅक स्टेशन फेअरग्राउंडला लागूनच आहे पण रात्री उशिरा परतीची गाडी मिळेलच असं नाही, त्यामुळे गाडीनेच जा. समुद्राकाठी रात्री चांगलीच थंडी असते, जाड जॅकेट न्या. साधा का होईना पण चष्मा किंवा गॉगल हवाच, आणि कानात घालायला इअरप्लग, लहान मुलं बरोबर असतील तर नक्की. स्टँडमध्ये वरच्या रांगेत बसा, सगळा ट्रॅक एका नजरेत येतो. पिट पासचे पैसे जास्त पडतात पण घ्याच, आणि सही करायच्या आधी तो कागद वाचा. गार्डिनाला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, यार्डाच्या आत सोडत नाहीत, बाहेरच्या फुटपाथवरूनच बघावं लागतं, आणि येताना त्या डोनटच्या दुकानात थांबा.